आबांचं ठिबक

आबा ग्राइंडरपाशी गेले की आमच्या शेडमधलं बोलणं आपोआप थांबायचं. तसा कोणी नियम केलेला नव्हता. लेथवरचा माणूस मशीन बंद करायचा, मी हातातलं ड्रिल खाली ठेवायचे, आणि आम्ही दोघंही तिकडे बघत नसल्याचं दाखवत तिकडेच बघत राहायचो. आबांना डोळा एकच होता, उजवा. डावा लहानपणीच गेलेला. तो राहिलेला डोळा ते फिरत्या चाकाच्या इतका जवळ न्यायचे, की ठिणग्या भुवईला लागताहेत की काय असं वाटायचं. लागायच्याही. त्यांची उजवी भुवई कायम जळक्या गवतासारखी खुरटलेली असायची.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती. काम एकच, कारखान्यांची बोथट झालेली हत्यारं धार लावून परत द्यायची. लेथची टूलं, ड्रिल, कटर, काय काय पोत्यात भरून यायचं. मी आयटीआय केलं, लग्न केलं, पोरगी शाळेत घातली आणि मग तिथे कामाला लागले. पहिल्या दिवशी आबांनी माझं नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि नंतर कधीही वापरलं नाही. ते सगळ्यांना कामावरून हाक मारायचे. लेथवर निफाडकडचा एक माणूस होता, तो 'लेथ'. मी टूलला धार लावायचे म्हणून 'टूल'. "ए टूल, चहा सांग गं," असं ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी म्हटलं, "आबा, मला नाव आहे." तर म्हणाले, "नाव समद्यांनाच असतं. मशीन किती जणांना असती?"

डाव्या डोळ्याची गोष्ट ते दर गिऱ्हाइकाला वेगळी सांगायचे. एकाला बिबट्या, एकाला वरातीतला सुतळी बॉम्ब. एका कंपनीच्या साहेबाला त्यांनी सीमेवरची काहीतरी कहाणी सांगितली, तर तो बिचारा खुर्चीतून उठून उभाच राहिला. आबांनी त्याला उभं राहू दिलं. खरी गोष्ट मला काकूंनी सांगितली. काकू म्हणजे त्यांची बायको. मळ्यात बोरं पाडताना वाकवलेली फांदी हातातून सुटली आणि काटा डोळ्यात गेला, इतकीच. "पण इतकी साधी गोष्ट सांगायची त्यांना लाज वाटती," काकू म्हणाल्या.

त्यांचा मळा मखमलाबादच्या बाजूला होता. झेंडू, कोथिंबीर, मेथी. भाऊ मळा बघायचे आणि आबा शेड, पण मनानं ते मळ्यातच असायचे. मशीनला ते 'जनावर' म्हणायचे, धार उतरली की, जमिनीतली पेरणीची ओल जावी तसं, 'वाफसा गेला' म्हणायचे, आणि दसऱ्यालाच काय, कुठल्याही दिवशी घरून झेंडूची पाटी आणून दर मशीनवर एकेक फूल ठेवायचे. रोज सकाळी काकू त्यांना स्कूटीवर मागे बसवून सोडायला यायच्या. आबा मागे बसून डावीकडे मान वळवून बसायचे, कारण त्या बाजूचं त्यांना दिसायचं नाही आणि न दिसणाऱ्या बाजूवर त्यांचा विश्वास नव्हता. बेअरिंग आणायला द्वारका चौकातल्या दुकानांकडे जायचं असलं की ते चौकाच्या अलीकडेच उतरायचे, एखाद्या माणसाचा हात धरून रस्ता ओलांडायचे आणि पलीकडे गेल्यावर त्यालाच म्हणायचे, "सांभाळून जा रे भो."

आता निळ्याचं सांगते. धार लावताना टूल तापतं. जास्त तापलं की टोकावर निळी झाक येते, आणि निळं पडलेलं पोलाद मऊ होतं, त्याची धार टिकत नाही. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, पण आबांनी त्याचं वैर धरलं होतं. त्यांना निळा रंगच सोसायचा नाही. लेथ एकदा निळा शर्ट घालून आला, तर दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. काकूंना निळी साडी नेसून शेडमध्ये यायची बंदी होती, म्हणून काकू मुद्दाम निळी नेसून यायच्या आणि डबा देऊन हसत जायच्या. कोणाच्या हातून टूल निळं पडलं की आबा ते तारेत ओवून दरवाज्यावर टांगायचे. आमच्या शेडला लिंबू-मिरची नव्हती, जळक्या टूलांचं तोरण होतं. त्यात त्यांची स्वतःचीही टूलं होती, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगायचे, "हे माझं पाप."

निळं यायच्या आधी क्षणभर पिवळसर झाक येते. ती दिसली की टूल मागे घ्यायचं, पाण्यात बुडवायचं. ती झाक पकडायला आबा डोळा चाकाशी न्यायचे. गॉगल होता. तो कायम त्यांच्या कपाळावर असायचा. काकूंनी विचारलं की कपाळाला हात लावून म्हणायचे, "घातलाय की." मी बोलले तर म्हणायचे, "काच लावली तर माझा एकाचा अर्धा होतो. तुला दोन हायेत, तू लाव."

मी चिडायचे. खरं सांगायचं तर मी घाबरायचे, आणि मला घाबरता येत नाही, मी चिडते. त्यांचा डावा तर गेलेलाच होता. उजव्याला काही झालं असतं तर त्या माणसाला झेंडू आणि कोथिंबीर हातानं चाचपून ओळखावी लागली असती. त्यांना ते कळत होतं. शेडमध्ये लाईट गेली की ते खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे, अंधार मागे ठेवून. तेव्हा त्यांच्याशी बोललं तर नीट उत्तर द्यायचे नाहीत.

लाईट गेली की आणखी दोन गोष्टी व्हायच्या. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, आता रिटायर झालेत. एक म्हणजे आबा माझ्यावर ओरडायचे, "टूल, तुझ्या बापाला फोन लाव. म्हणावं, कोळसा टाका." आणि दुसरं म्हणजे ते कुठल्याही मशीनचं बटण बंद करू द्यायचे नाहीत. ही मळ्यातली सवय. विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्टार्टर असतो, लाईट रात्री-अपरात्री कधीही येते, तेव्हा शेतकरी मोटार चालूच ठेवून घरी येतो. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते. आबांनी तेच शेडला लावलेलं. लाईट आली की ग्राइंडर, ड्रिल, कॉम्प्रेसर सगळं एकदम धडधडत उठायचं, आणि आबांच्या तोंडावर गोठ्यात जनावरं उठल्याचा आनंद पसरायचा.

"आबा, एखाद्याचा हात असला मशीनमध्ये तर?" मी दर वेळी विचारायचे.

"लाईट नसताना हात घालायचा कशाला?" ते दर वेळी म्हणायचे.

मग एका सकाळी ते डोळ्याला पट्टी लावून आले. काकू पुढे, आबा मागे, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून. आदल्या दिवशी लोखंडाचा कण बुबुळात गेला होता. डॉक्टरांनी तो काढला, पण बजावलं की कोरड्या चाकाची धूळ आणि ठिणग्या बंद करा. पुन्हा कण गेला तर माझ्या हातात काही नाही, म्हणाले. आबा शेडच्या मधोमध उभे होते आणि त्यांना काहीच दिसत नव्हतं. लेथनं नेहमीप्रमाणे स्टूल पुढे सरकवलं, तर ते त्यालाच अडखळले.

काकू त्या दिवशी निळी साडी नेसल्या नव्हत्या. त्यांनी मला बाहेर नेलं आणि म्हणाल्या, "ताई, हा डोळा त्यांचा एकट्याचा नाय, माझा बी हाय. कोरडं घासताना दिसले ना, तर शेडला कुलूप लावीन आणि चावी गोदेत टाकीन. तू लक्ष ठेव."

लक्ष ठेव म्हणणं सोपं होतं.

पट्टी निघाल्यावर लेथनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातला कोणी माणूस आपल्या ग्राइंडरवर घरीच भांडं बसवत होता. वर भांडं, त्यातून चाकावर थेंब थेंब कूलंट. कूलंट म्हणजे पाण्यात कालवलेलं तेल, दुधासारखं पांढरं दिसतं. टूल गार राहतं, निळं पडत नाही, धूळ उडत नाही, ठिणग्या बसतात. आबांनी मोबाइल उजव्या डोळ्याशी धरून व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"हे तर ठिबक हाय," ते म्हणाले. "आपण झेंडूला तेच करू राहिलो. याच्यात त्या गोऱ्यानं काय नवीन केलं?"

"विकत मिळतं, आबा," मी म्हटलं. "पंपासकट. मशीन बंद झालं की पाणी पण बंद होतं."

"विकतचं माझ्या डोळ्याला काय वळखतं?" विषय संपला.

पुढचे काही दिवस ते इतके खुशीत होते की मलाही बरं वाटलं. घरून म्हशीच्या जमान्यातली ॲल्युमिनियमची दुधाची किटली आणली. तिच्या तळाला भोक पाडून पितळी नळ बसवला आणि ती चाकाच्या वर आकड्याला टांगली. मळ्यातून ठिबकचा कॉक, म्हणजे पाणी सोडायची-बंद करायची चावी, आणि ड्रिपर आणला. तांब्याची बारीक नळी वाकवायची होती, ती चपटी होऊ नये म्हणून त्यांनी तिच्यात कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं लाकडानं बंद केली आणि मग गुडघ्यावर अशी सुंदर कमान दिली, की लेथनं फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. खाली तेलाचा डबा कापून तसराळं केलं. त्यात जुन्या स्पीकरचं चुंबक ठेवलं, लोखंडाचा कीस धरायला. काकूंच्या जुन्या साडीचं फडकं गाळणीला. गाळलेलं कूलंट पुन्हा वर ओतायचं. फडकं निळं निघालं, तेव्हा आबा काकूंना फोनवर काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

एकच अडचण आली. नळी चाकाच्या तोंडाशी न्यायला जागा नव्हती. चाकावरचं बाजूचं लोखंडी झाकण आडवं येत होतं. आबांनी ते झाकण काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

"ते संरक्षणाला असतं," मी म्हटलं.

"तू लय बोलती. मी काय समोर उभा राहतो का?" हे खरं होतं. आबा चाक सुरू करताना कधीच समोर उभे राहायचे नाहीत. ग्राइंडर खिडकीजवळच्या कोपऱ्यात होता, बाजूला भिंत आणि बाक यांच्यामध्ये माणूस मावेल इतकी फट होती. ते त्या फटीत उभे राहून बटण दाबायचे, चाक स्थिर झालं की समोर यायचे. फटीतून बाहेर यायला वाट एकच, चाकाच्या पुढून.

ठिबक सुरू झालं आणि शेडमधला वास बदलला. जळक्या लोखंडाचा गेला, साबणासारखा ओला आला. टूल निळं पडायचं थांबलं. तोरणात भर पडेना. आबांच्या डोळ्यातली लाली गेली, काकू पुन्हा निळी साडी नेसून आल्या. कूलंटचे तुषार काचेवर बसतात म्हणून आबांनी कपाळावरचा गॉगलही काढला आणि किटलीच्याच आकड्याला अडकवून टाकला. लेथ किटलीखालच्या चाकाला हात जोडायचा आणि म्हणायचा, "हर हर महादेव, अभिषेक चालू हाय."

पण चहानंतर मशीन सुरू केलं की ते थोडं थरथरायचं. मिनिटभर थरथरून शांत व्हायचं. सकाळच्या चहानंतर कमी, जेवणानंतर जास्त. आबांनी पंजा मोटारीवर ठेवून पाहिलं, म्हणाले, "बेअरिंग गेलं." लेथनं बेअरिंग बदललं. थरथर तशीच. मग त्यांनी बाकाखाली रबर घातलं. मीही नट आवळले. कॉक रात्री बंद करायचो, पण मधल्या सुट्टीत तो उघडाच राहतो, हे आम्हाला दिसत होतं. त्याचा थरथरण्याशी संबंध आहे, हे कोणाच्याच टाळक्यात आलं नाही. मळ्यात ठिबक कोणी चहासाठी बंद करतं का? थेंबच तर आहेत.

त्या दिवशी लाईट गेली ती जेवायच्या आधी. दुपार टळली तरी येईना. आबांनी मला वडिलांना फोन लावायला सांगितलं, मी लावला नाही. लेथ त्याच्या मशीनच्या आडोशाला गोणपाटावर आडवा झाला. मी शेजारच्या शेडमध्ये मैत्रिणीकडे डबा खाऊन परत आले आणि दारातच थांबले, कारण आत अंधार होता आणि डोळे सरावायला वेळ लागला.

खिडकीच्या कोपऱ्यात उजेड होता. तिथे, त्या फटीत, आबा उभे होते. हातात एक ड्रिल, ते खिडकीकडे धरून धार तपासत होते, डोळ्याला अगदी लावून. त्यांच्या हाताच्या अंतरावर चाक. चाकावर किटलीतून थेंब पडत होते. टप. टप. मला ते ऐकू आलं आणि मी चाकाकडे पाहिलं.

चाकाचा खालचा भाग काळपट झाला होता. वरचा कोरडा, करडा. नवा माठ भरला की खालून ओला होत जातो, तसा. ते दगडाचं चाक पाणी पीत होतं. रोज चहाला घोटभर पीत होतं म्हणून थरथरत होतं, आणि आज ते लाईट गेल्यापासून पीत होतं, एकाच बाजूनं.

"आबा," मी म्हटलं, "कॉक बंद करा. आणि आधी तिथून बाहेर या."

"काय झालं?"

"चाक ओलं झालंय. एका बाजूला जड झालंय. बाहेर या."

"थेंबानं काय जड होतंय? धार बघू राहिलो मी."

"आबा, बटण चालू आहे त्याचं!"

मेन स्विच दाराशीच होता, माझ्यापासून कॉम्प्रेसरच्या पलीकडे. मी तिकडे वळले, आणि लाईट आली.

सगळी शेड एकदम उठली. कॉम्प्रेसर, पंखे, ड्रिल. त्या सगळ्या आवाजातून ग्राइंडरचा आवाज वेगळा निघाला. तो गुणगुणत नव्हता, आपटत होता. बाक हलायला लागलं. किटली झोके घेऊ लागली, पांढरं कूलंट भिंतीवर, खिडकीवर, आबांच्या अंगावर उडू लागलं. मी कॉम्प्रेसरवर गुडघा फोडून घेत स्विचपर्यंत पोचले आणि खटका खाली ओढला.

बाकी सगळं बसत गेलं. चाक थांबलं नाही. वेग आला होता त्याला, आणि ते आता आपल्या वजनानं फिरत होतं. धाड, धाड, धाड. मोटार बंद होती, लाईट बंद होती, आता कोणाच्याच हातात काही नव्हतं. लेथ जागा होऊन आपल्या मशीनमागे बसला होता आणि तिथूनच "आई गं, आई गं" म्हणत होता.

आबा फटीत होते. बाहेर यायचं तर चाकापुढून यायला हवं. त्यांनी एक पाय पुढे टाकला.

"हलू नका!" मी ओरडले. "आबा, तिथेच!"

ते थांबले. मग मी पाहिलं, त्यांनी बाकावरचा लाकडी ठोकळा उचलला. चाकाला लावून थांबवणार होते, बैलगाडीला थोपवतात तसं.

"टाका तो! आबा, टाका तो खाली! फुटेल ते!"

त्यांनी ठोकळा टाकला. मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं, असं त्या दिवशीच पहिल्यांदा झालं. झाकण भिंतीला टेकलेलं होतं, त्यांच्या पायाशी. उचलायला वाकले असते तर डोकं चाकाच्या रेषेत आलं असतं. गॉगल किटलीच्या आकड्याला झोके घेत होता, चाकाच्या वर.

"भिंतीकडे तोंड करा. डोळा झाका. दोन्ही हातांनी."

"नाय." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "झाकला तर मला कळंल कसं काय होऊ राहिलं ते?"

तेव्हा मला समजलं, हा माणूस इतकी वर्षं डोळा ठिणग्यांत का घालत होता. त्यांना डोळा जाण्याची भीती होतीच, पण मिटण्याची त्याहून जास्त होती. आमचा एक मिटला तरी दुसरा उघडा असतो. त्यांचा एक मिटला की संपलंच. पट्टी लावून आले तेव्हा ते रोजच्या स्टूलला अडखळले होते, ते मला आत्ता आठवलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मी बघते," मी म्हटलं. "मी सांगते तुम्हाला. मला दोन आहेत. तुम्ही झाका."

चाकाचा आवाज येत होता. आबा माझ्याकडे बघत होते, त्या अंधारात मी त्यांना किती दिसत असेन देव जाणे. मग ते वळले. कपाळ भिंतीला टेकवलं आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

"सांग," ते म्हणाले.

"फिरतंय अजून. तुम्ही हलू नका. किटली हलतेय, पण धरून आहे. बाकाचा एक पाय उचलतोय, खाली बसतोय. वेग कमी होतोय, आबा. मला आता चाकावरचा ओला डाग वेगळा दिसतोय." खोटं होतं ते. वेग कमी होत होता, पण डाग वेगळा दिसत नव्हता. "होतंय कमी. आता आवाज ऐका, लांबलाय की नाही?"

"लांबलाय."

"लांबणारच. श्वास घ्या. लेथ आहे, मी आहे. दार उघडं आहे, बाहेर ऊन आहे. आता अजून..."

आवाज फार मोठा झाला नाही. सुकी फांदी मोडावी तसा झाला. पण पत्र्यावर काहीतरी धाडकन गेलं, खिडकीची काच खाली आली, किटली आकड्यावरून उडून शेडच्या मधोमध येऊन पडली आणि गोल फिरत राहिली. कोपऱ्यात करड्या धुळीचा लोट उठला. त्या लोटात मला आबा दिसेनात.

मग धूळ बसली. चाकाची अर्धी भाकरी उरली होती दांड्यावर, ती हळूहळू एक-दोन वेळा डोलली आणि थांबली.

आबा तसेच उभे होते. कपाळ भिंतीला, हात तोंडावर. त्यांच्या डोक्यापाशी भिंतीचा गिलावा उडून विटा दिसत होत्या. केसांत चाकाचा चुरा, त्यावर कूलंट, आणि ते सगळं ओघळत हातांवर येत होतं. कानापाशी लाल दिसत होतं. ते लाल कुठून येतंय, हे मला इथून कळेना.

"थांबलं का गं?" त्यांनी विचारलं.

मी त्या लाल ओघळाकडेच बघत होते. लेथच म्हणाला, "थांबलं, आबा."

"तिला इचारू राहिलो मी."

"थांबलं," मी म्हटलं.

"उघडू?"

तो माणूस माझ्याकडे परवानगी मागत होता. मी धावत गेले. "नाही. नाही, थांबा. अजून उघडू नका. पापणीवर चुरा आहे." लेथला ओरडून प्यायच्या माठातलं पाणी आणायला सांगितलं. आबांचे हात मी धरून खाली घेतले, ते बर्फासारखे गार होते. त्यांचं तोंड वर केलं. पापणी घट्ट मिटलेली, तिच्यावर करडा थर. गालावरून रक्त येत होतं आणि ते गालाचंच आहे की आणखी कुठलं, हे पापणी उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. उघडायला सांगायचा मला धीर होईना. मी पाणी ओतत राहिले. ओढणीचं टोक भिजवून नाकाकडून कानाकडे पुसत राहिले, पुन्हा स्वच्छ टोक घेऊन पुन्हा. खिडकीच्या फुटक्या काचेतून ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं. पापणीच्या आत डोळा हलताना मला दिसत होता, पण नुसतं हलण्याला काय अर्थ होता?

"झालं?" ते म्हणाले. "टूल, काय ते सांग. लय वेळ झाला अंधार."

"उघडा," मी म्हटलं.

पापणी थरथरली, चिकटली, मग उघडली. आत सगळं लाल होतं. आबांनी उन्हात डोळा बारीक केला, एकदा मिटला, पुन्हा उघडला. चाकाकडे पाहिलं नाही. भिंतीकडे नाही, किटलीकडे नाही. डोळा माझ्या तोंडाशी आणला, धार बघायला नेत असत तितका जवळ, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत बघत राहिले. माझ्या मागे लेथ माठाचा तांब्या हातात धरून उभा होता.

"तू रडू राहिली का?" आबांनी विचारलं.